भूमिकाखेळातील प्रतिस्पर्धी : ‘ट्विक्स्ट’ प्रकरणाच्या निमित्ताने

प्रास्ताविक

खेळाची मीमांसा करताना आपण बहुधा खेळणाऱ्याच्या आनंदाचा विचार करतो. समोरच्या पक्षाचा आनंद हा फार तर शिष्टाचाराचा विषय समजला जातो. सामना संपल्यावर हस्तांदोलन करावे, हरलेल्याला हिणवू नये, रडीचा डाव खेळू नये, इतकीच त्याची व्याप्ती. बुद्धिबळ, कबड्डी किंवा कुस्ती यांच्यापुरते हे पुरेसे आहे, कारण तेथे प्रतिस्पर्ध्याने काय करावयाचे हे नियमांनीच ठरवून दिलेले असते आणि हरला तरी तो खेळाडू म्हणूनच हरतो. परंतु ज्या खेळात प्रत्येकजण एखाद्या कल्पित पात्राची भूमिका घेऊन उतरतो, तेथे प्रश्न निराळा होतो. तेथे प्रतिस्पर्ध्याला हरवणे ही एक गोष्ट असते आणि त्याला त्याच्या भूमिकेतून बाहेर काढणे ही दुसरी. पहिली गोष्ट खेळाचा भाग आहे, तर दुसरीने खेळच थांबतो.

रोल-प्लेइंग गेम या नावाने जगभर ओळखल्या जाणाऱ्या, अनेकांनी एकत्र खेळावयाच्या या प्रकाराला प्रस्तुत लेखात ‘भूमिकाखेळ’ म्हटले आहे. मेजाभोवती बसून खेळले जाणारे, संगणकजालावरचे आणि प्रत्यक्ष वेशभूषा करून खेळले जाणारे असे त्याचे तिन्ही प्रकार येथे अभिप्रेत आहेत. तथापि चर्चेचा केंद्रबिंदू एकच निबंध आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स येथील लॉयोला विद्यापीठाचे जनसंवादशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड मायर्स यांनी ‘प्ले अँड पनिशमेंट’ या शीर्षकाचा जो निबंध २००८ मध्ये मांडला, त्यात त्यांनी ‘ट्विक्स्ट’ या आपल्याच पात्राची हकिकत सांगितली आहे. नियम पाळणारा खेळाडू प्रतिस्पर्ध्यांना नकोसा का होतो, हा प्रश्न इतक्या उघडपणे मांडणारे लेखन विरळा, म्हणूनच त्याची सविस्तर तपासणी करणे अगत्याचे वाटते.

ट्विक्स्टची हकिकत

‘सिटी ऑफ हीरोज’ हा संगणकजालावरील भूमिकाखेळ २००४ मध्ये सुरू झाला. नावाप्रमाणेच त्यात खेळाडू अद्भुत शक्ती असलेल्या नायकाची भूमिका घेत असे. २००५ मध्ये ‘सिटी ऑफ व्हिलन्स’ हा त्याचा जोडखेळ आला आणि खलनायक होण्याचीही सोय झाली. नायक व खलनायक यांनी परस्परांशी लढावे यासाठी जे विभाग राखून ठेवले होते, त्यांपैकी एकाचे नाव ‘रिक्लूसेस व्हिक्टरी’ असे होते. तेथे दोन्ही पक्षांनी तोफांची ठाणी काबीज करावयाची आणि त्यानुसार तो विभाग नायकांचा किंवा खलनायकांचा ठरावयाचा, अशी योजना होती.

प्रत्यक्षात तेथे निराळेच घडत होते. नायक आणि खलनायक गप्पा मारत, परस्परसंमतीने द्वंद्वे लावत आणि एरवी एकमेकांच्या वाटेला जात नसत. मायर्स तेथे ट्विक्स्ट नावाचा नायक बनून उतरले आणि त्यांनी विभागाचे लिखित उद्दिष्ट अक्षरशः अमलात आणावयास सुरुवात केली. दिसेल त्या खलनायकावर हल्ला करावयाचा, ठाणी काबीज करावयाची. त्यांचा विशेष डाव म्हणजे शत्रूला दुरून क्षणार्धात आपल्याजवळ ओढून आणण्याच्या शक्तीचा उपयोग करून त्याला नायकांच्या तळाचे रक्षण करणाऱ्या यंत्ररक्षकांच्या पुढ्यात नेऊन टाकणे. या रक्षकांपुढे खलनायकाचा टिकाव लागण्याचा प्रश्नच नव्हता. हा डाव नियमबाह्य नव्हता. तरीही ट्विक्स्टला प्रथम विनंत्या, नंतर शिव्याशाप, बहिष्कार आणि शेवटी धमक्या यांना तोंड द्यावे लागले. स्वतःच्या पक्षाचे नायकही त्याच्या विरोधात गेले. २००९ मध्ये हे प्रकरण वृत्तपत्रांतूनही गाजले.

यावरून मायर्स यांनी काढलेले अनुमान स्पष्ट आहे. खेळाचे नियम एक सांगतात, खेळाडूंचा समाज दुसरेच संकेत रूढ करतो, आणि संकेत मोडणाऱ्याला शिक्षा देताना तो समाज खेळाच्या नियमांची पर्वा करीत नाही. सबब खेळाचे शोधक, मुक्त रूप समाजरूढींच्या दडपणाखाली चेपले जाते, असा त्यांचा एकूण रोख आहे.

या अनुमानातील अर्धा भाग खरा आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. उरलेल्या अर्ध्या भागाविषयी पुढे विचार केला आहे.

‘खेळभंग करणारा’ कोण?

योहान हायझिंगा या डच विचारवंताने ‘होमो लुडेन्स’ (१९३८) या ग्रंथात फसवा खेळाडू आणि खेळ मोडणारा यांत मार्मिक भेद केला आहे. फसवणारा खेळाचे जग मानतो असे निदान सोंग तरी करतो, म्हणून समाज त्याला थोडक्यात सोडून देतो. खेळ मोडणारा मात्र त्या जगाचा फुगाच फोडतो, म्हणून त्याची गय केली जात नाही. (जाता जाता नमूद करावेसे वाटते की हायझिंगा मूळचे संस्कृतचे अभ्यासक होते. १८९७ मधील त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध भारतीय नाटकातील विदूषकावर आहे, आणि ‘होमो लुडेन्स’मध्ये खेळवाचक संस्कृत धातूंची चर्चाही येते. आपल्याकडील नाट्याभ्यासकांनी या दुव्याकडे फारसे लक्ष दिलेले नाही, याचे आश्चर्य वाटते.)

ट्विक्स्ट या दोहोंपैकी कोण? फसवणारा तो निश्चितच नाही, आणि नियमांच्या दृष्टीने पाहिल्यास खेळ मोडणाराही नाही. कॅनडातील तत्त्वज्ञ बर्नार्ड सूट्स यांनी ‘द ग्रासहॉपर’ (१९७८) मध्ये केलेले वर्गीकरण येथे अधिक काटेकोर आहे. त्यांच्या मते नियम मानणारा पण उद्दिष्टाकडे पाठ फिरवणारा तो चाळा करणारा, उद्दिष्ट मानणारा पण नियम मोडणारा तो फसवणारा, आणि दोन्ही न मानणारा तो खेळ मोडणारा. या मोजपट्टीने रिक्लूसेस व्हिक्टरीत गप्पा मारणारे नायक-खलनायक चाळा करणारे ठरतात आणि ट्विक्स्ट हा एकटाच खरा खेळाडू ठरतो. मायर्स यांच्या बाजूने याहून प्रबळ पुरावा देता येणार नाही.

परंतु सूट्स यांचा ग्रंथ एवढ्यावर संपत नाही. त्याच्या उत्तरार्धात लहान मुलांच्या चोर-शिपाई वळणाच्या, सोंग घेऊन खेळावयाच्या खेळांचा विचार आला आहे. या खेळांना सूट्स ‘खुले खेळ’ म्हणतात. त्यांना गाठावयाचा शेवट नसतो, तर खेळ चालू राहणे हेच त्यांचे प्रयोजन असते, आणि एकाची प्रत्येक चाल दुसऱ्याला त्याची चाल करता यावी अशी असावी लागते. टेबल टेनिसमध्ये गुण न मोजता चेंडू शक्य तितका वेळ मेजावर खेळता ठेवण्याचा जो प्रकार आहे, तो याचा साधा नमुना होय. ग्रंथाच्या पूर्वार्धातील व्याख्या सर्वत्र उद्धृत होते. भूमिकाखेळाच्या अभ्यासकाला मात्र खरे मोलाचे काही हवे असेल तर ते या उत्तरार्धात आहे.

कारण भूमिकाखेळ हा एकाच वेळी सामनाही असतो आणि खुला खेळही. ट्विक्स्टने पकडून आणलेल्या खलनायकाच्या जागी क्षणभर स्वतःला कल्पून पाहावे. त्याने आपले पात्र घडवण्यात कित्येक महिने घालवलेले असतात. पात्राला नाव दिलेले असते, पोशाख निवडलेला असतो, कशाकशामुळे तो खलमार्गाला लागला याची गोष्टही रचलेली असते. आता त्याची नायकाशी गाठ पडते, आणि पुढच्या क्षणी तो यंत्रांच्या पुढ्यात मरून पडलेला असतो. लढत नाही, पाठलाग नाही, धमकी नाही, पळ काढण्याची संधीही नाही. खलनायक म्हणून जे करावयाचे ते काहीच त्याच्या वाट्याला आले नाही. त्याचा पराभव नायकाने केलाच नाही. त्याला फक्त रंगमंचावरून विंगेत ढकलण्यात आले. टेबल टेनिसच्या भाषेत बोलावयाचे तर पहिलाच चेंडू खिडकीबाहेर गेला.

नियमांपूर्वीचा खेळ

ही दृष्टी बाहेरून लादलेली आहे, असा आक्षेप येऊ शकतो. म्हणून या खेळांच्या उगमाकडे थोडे वळणे आवश्यक आहे. १९६९ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात डेव्हिड वेस्ली यांनी नेपोलियनच्या काळातील युद्धखेळाचा एक डाव मांडला. ब्राउनस्टाइन या काल्पनिक जर्मन नगरात तो घडत होता. सेनापतींखेरीज नगराध्यक्ष, सावकार, विद्यापीठाचा कुलपती अशा भूमिकाही त्यांनी खेळाडूंना वाटून दिल्या, आणि प्रत्येकाचे उद्दिष्ट वेगळे ठेवले. लढाई सुरू होण्याआधीच खेळाडू एकमेकांशी परस्पर खलबते करू लागले, गोंधळ माजला, आणि डाव फसला असे वेस्ली समजले. खेळाडूंनी मात्र पुन्हा तसाच डाव मांडण्याचा आग्रह धरला. सर्वजण एकमेकांचे प्रतिस्पर्धी होते आणि सर्वांना मजा आली होती. कोण जिंकले, हा प्रश्न कोणी विचारला नाही. या मंडळींपैकी डेव्ह आर्नेसन यांनी ही कल्पना पुढे नेली, आणि गॅरी गायगॅक्स यांच्यासह १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध केला.

या खेळात तर प्रतिस्पर्ध्याच्या आनंदाचा प्रश्न एका व्यक्तीच्या रूपाने मूर्त झाला आहे. डंजन मास्टर म्हणजे डाव चालवणारा. राक्षस, सापळे, दगाबाज राजे हे सर्व त्याच्या हाती असतात, आणि त्याची शक्ती अमर्याद असते. खेळाडूंना ठार करणे त्याला एका वाक्याचे काम आहे. म्हणूनच ठार करण्यात त्याला काही कर्तबगारी नाही. त्याचे कौशल्य हे की तो प्रामाणिकपणे विरोध करतो, पण विरोधाला उत्तर देण्याची जागा ठेवून. गायगॅक्स यांनी १९७५ मध्ये एका स्पर्धेसाठी रचलेले आणि १९७८ मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे कथानक या बाबतीत बोलके आहे. निष्णात खेळाडूंचे गर्वहरण व्हावे म्हणून ते मुद्दाम जीवघेणे रचले होते. भिंतीवरच्या एका सैतानी मुखात हात घातला की तो नाहीसा होतो, आत शिरले की माणूसच नाहीसा होतो, आणि त्यावर फाशांचाही इलाज नाही. अनेकांनी त्याला अन्यायी म्हटले आहे. तथापि त्या थडग्याच्या प्रवेशमार्गातच एका कोड्याच्या रूपात पुढील धोक्यांच्या खुणा पेरून ठेवलेल्या आहेत. मृत्यू अटळ नाही. न वाचणाऱ्याचा मृत्यू अटळ आहे. ट्विक्स्टच्या यंत्ररक्षकांत आणि गायगॅक्सच्या सैतानी मुखात फरक पडतो तो येथे.

आपल्या परंपरेतील कलगी-तुऱ्याचे सवाल-जवाब या ठिकाणी आठवल्यावाचून राहत नाहीत. एक फड शक्तीची बाजू घेऊन उभा राहतो, दुसरा शिवाची. दोघेही दिलेल्या पक्षाच्या भूमिकेतूनच भांडतात. सवाल अवघड हवा, प्रतिपक्षाला घाम फोडणारा हवा, पण त्याला जवाबच येऊ शकत नसेल तर सवाल घालणाऱ्या फडाचीही रात्र तेथेच संपते. श्रोते उठून जातात ते दोघांच्याही पुढून.

कायद्याने काय साधले

प्रतिस्पर्ध्याचे रक्षण नियमांनी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. ‘अल्टिमा ऑनलाइन’ (१९९७) या खेळात आरंभी कोणीही कोणालाही ठार करून लुटू शकत असे. खेळाडूंचा समाज आपला बंदोबस्त आपणच करील, अशी रचनाकारांची अपेक्षा होती. त्यासाठी खुनी पात्रांची नावे लाल रंगात दाखवणे, त्यांच्या शिरावर इनाम लावणे असे उपायही योजले गेले. ते पुरे पडले नाहीत. अखेर २००० मध्ये खेळाच्या जगाचे दोन भाग करण्यात आले. ट्रॅमेल या भागात दुसऱ्यावर त्याच्या संमतीविना हल्ला करता येत नव्हता, तर फेलुका या भागात जुना कारभार चालू राहिला. बहुसंख्य खेळाडू ट्रॅमेलमध्ये राहावयास गेले. जुन्या खेळाडूंपैकी काहीजण आजही या विभाजनाबद्दल हळहळतात. शिकार करणाऱ्यांना फेलुकात शिकार मिळेना आणि ट्रॅमेलमध्ये भीतीबरोबर थरारही गेला, असे त्यांचे म्हणणे. या हळहळीत तथ्य नाही असे म्हणवत नाही. परंतु तो थरार कोणाच्या जिवावर उभा होता, हेही त्यांनी सांगावयास हवे.

रिचर्ड बार्टल यांचे खेळाडूंचे चतुर्विध वर्गीकरण (१९९६) या क्षेत्रात सर्वाधिक उद्धृत होते. इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ यांनी १९७८ मध्ये सुरू केलेला ‘मड’ हा खेळ बार्टल यांनी पुढे वाढवला, त्यामुळे त्यांच्या निरीक्षणाला अनुभवाचे बळ आहे. यश मिळवणारे, शोध घेणारे, मैत्र जोडणारे आणि संहार करणारे असे चार वर्ग ते करतात, आणि संहारक वाढले की मैत्र जोडणारे खेळ सोडून जातात असे दाखवतात. हे सारे पटण्याजोगे आहे. तरीही या वर्गीकरणात एक उणीव राहून जाते. प्रत्येक खेळाडू खेळातून काय घेतो, एवढेच ते विचारते. तो दुसऱ्याला काय देतो, हा प्रश्न त्यात बसत नाही. उत्तम शत्रू म्हणून ज्याची आठवण काढली जाते, ज्याच्या हातून मरण्यासाठी लोक पुन्हा येतात, असा खेळाडू प्रत्येक भूमिकाखेळात असतो. बार्टल यांच्या चौकटीत त्याला घर नाही.

लहानपणीच्या अंगणातील खेळांत आपल्याकडे ‘लिंबूटिंबू’ नावाची सोय असते. धाकट्या भावंडाला खेळात घ्यावयाचे, त्याच्यावर राज्य मात्र येऊ द्यावयाचे नाही. ट्रॅमेल ही अशीच सर्वांना लिंबूटिंबू करण्याची व्यवस्था होती. लिंबूटिंबूला खेळात असल्याचा आनंद असतो, पण तो आपल्याला कोणी खरा भिडू मानत नाही हे थोड्याच दिवसांत ओळखतो. रक्षण आणि प्रतिस्पर्धी म्हणून मान, या दोन गोष्टी नेहमी एकत्र नांदत नाहीत, याचा हा पुरावा होय.

मायर्स कोठे बरोबर आहेत

आता वर उल्लेखिलेला अर्धा भाग. रिक्लूसेस व्हिक्टरीतील रहिवाशांनी आपला आनंद राखण्यासाठी जो मार्ग काढला होता, तो निर्दोष नव्हता. नायकाने खलनायकाला पाहून हात हलवावा आणि पुढे जावे, यात दोघांच्याही भूमिका गळून पडतात. आखाड्यातील भाषेत यास नुरा कुस्ती म्हणतात, आणि नुरा कुस्तीत प्रतिस्पर्ध्याचा सन्मान होत नाही, त्याच्या बरोबर संगनमत होते. समोरच्याला मजा यावी म्हणून त्याला विरोधच न करणे हा सुखाचा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. त्यातून येणाऱ्या सुस्तीवर मायर्स यांनी बोट ठेवले, ते योग्यच झाले. बाहेरच्या कोणीतरी येऊन खरोखर लढावे, ही त्या विभागाची गरज होती. मात्र ट्विक्स्टने लढत आणली नाही. त्याने परिणामकारक कृती आणली, आणि ती इतकी परिणामकारक होती की लढतीला वावच उरला नाही.

स्कँडिनेव्हियातील प्रत्यक्ष भूमिकाखेळांच्या वर्तुळात, जेथे १९९७ पासून ‘क्नुटेपुंक्ट’ नावाची परिषद भरत आली आहे, तेथे ‘हरण्यासाठी खेळणे’ असे एक तत्त्व रूढ झाले आहे. आपल्या पात्राने जिंकण्यासाठी झटावे, परंतु खेळाडूने मात्र पात्राचे गुपित फुटेल, बेत उधळेल अशा वाटा मुद्दाम उघड्या ठेवाव्यात. गुपित कायमचे लपले तर ते दुसऱ्या कोणाच्याही उपयोगी पडत नाही. हे नुरा कुस्तीहून भिन्न आहे, कारण पात्र खोटे लढत नाही. कारस्थानी मंत्री पूर्ण मनाने कारस्थान करतो. फक्त त्याचा खेळाडू ते पत्र अशा मेजावर विसरतो, जेथे राजाचा माणूस बसणार आहे. पात्र आणि खेळाडू यांच्यातील हे अंतर ज्याला सांभाळता येते, तोच प्रतिस्पर्ध्याला आनंद देऊ शकतो, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ट्विक्स्टच्या बाबतीत हे अंतर शून्य होते. पात्राचे उद्दिष्ट हेच खेळाडूचे उद्दिष्ट, आणि त्याच्या मागे आणखी तिसरे, संशोधकाचे.

या तिसऱ्या उद्दिष्टाविषयी बोलणे भाग आहे. हॅरॉल्ड गारफिंकेल यांनी १९६० च्या दशकात आपल्या विद्यार्थ्यांना स्वतःच्याच घरी थोडा वेळ परक्या भाडेकरूसारखे वागावयास सांगितले होते. घरच्यांचा गोंधळ आणि संताप यांतून न बोललेले संकेत कसे उघडे पडतात, हे त्यांना दाखवावयाचे होते. ट्विक्स्टचा खेळ हा त्याच जातीचा प्रयोग म्हणता येईल. परंतु त्या विद्यार्थ्यांचा प्रयोग थोडक्यात आटोपत असे आणि नंतर आईवडिलांना खुलासा देणे प्राप्त होते. रोज त्याच घरात जेवावयाचे होते ना! ट्विक्स्टच्या प्रतिस्पर्ध्यांना आपण एका प्रयोगाचे विषय आहोत याची खेळताना कल्पना नव्हती. आपल्याशी कोणत्या प्रकारचा खेळ चालला आहे, हे ठाऊक असणे ही प्रतिस्पर्धी होण्याची पहिली अट आहे. ती येथे पाळली गेली नाही. धमक्या देणाऱ्यांचे समर्थन यातून मुळीच होत नाही. पडद्यामागच्या माणसाच्या अंगावर धावून जाणाऱ्यांनीही पात्र आणि खेळाडू यांतील तेच अंतर पुसून टाकले होते.

३० नोव्हेंबर २०१२ रोजी ‘सिटी ऑफ हीरोज’ बंद झाला. पुढे जुन्या खेळाडूंनी तो स्वतःच्या हिमतीवर पुन्हा उभा केला, आणि जानेवारी २०२४ मध्ये त्यांच्या ‘होमकमिंग’ या सर्व्हरला मालक कंपनीने रीतसर परवाना दिला. नायक आणि खलनायक दोन्ही परतले आहेत. मायर्स यांच्या निबंधात जे खलनायक भेटतात ते मुख्यतः चिडलेल्या क्षणी, संवादफलकावर शिव्या टंकताना भेटतात. त्यांची पात्रे कोण होती, ट्विक्स्टने त्यांना कशी गाठ द्यावी असे त्यांना वाटले असते, हे निवांतपणी त्यांच्याकडून ऐकण्याचे काम अद्याप कोणी अभ्यासकाने हाती घ्यावयाचे असल्यास ती जागा अजून जिवंत आहे.